चेक उभा घाला

लिफ्टवाल्याचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "मॅडम, चेक परत आला." सकाळी भरलेला, संध्याकाळी परत. ४ ऑक्टोबर २०२५पासून चेकच्या प्रतिमा दिवसभर पुढे जात राहतात, त्यामुळे पैसे लवकर मिळतात. नामुष्कीही लवकर मिळते. बँकेत सदतीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी फोर्टमधल्या सर्व्हिस ब्रँचमध्ये क्लिअरिंगला. लोकांचे हजारो चेक मी परत पाठवलेत. माझ्या हातचा परत आलेला हा पहिलाच.

मेमो बघितला. अक्षरी रकमेत खाडाखोड. 'सत्तावीस हजार चारशे' लिहिताना 'वी' थरथरला होता आणि मी तो पुन्हा गिरवला होता. पूर्वी अशा जागी बाजूला सही केली की भागायचं. पण स्कॅन करून चेक वटवण्याची सीटीएस पद्धत आली आणि १ डिसेंबर २०१०पासून रिझर्व्ह बँकेने तारखेच्या दुरुस्तीखेरीज कुठलीही दुरुस्ती बंद केली. चुकलात तर नवीन लीफ घ्या. हा नियम मीच काउंटरवर शेकडो लोकांना ऐकवला असेल.

माझ्या हाताला कंप आहे. पार्किन्सन नाही, डॉक्टर 'इसेन्शियल ट्रेमर' म्हणतात. चहाचा कप धरता येतो, पण बशी वाजते. आणि डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीची खजिनदार मीच. लिफ्ट, पाण्याचा पंप, सफाई, ऑडिट असे महिन्याला पंधरा-वीस चेक, शिवाय माझे घरचे चार-पाच. ऑनलाइन का नाही, असं सगळे विचारतात. घरचं बरंचसं करतेच की. सोसायटीच्या खात्यावर मात्र दोघांच्या सह्या लागतात, आणि आमचे सेक्रेटरी मोबाइल बँकिंगला भुतासारखे घाबरतात. ते जाऊ दे. तर ठरवलं, चेकवरचा मजकूर छापायचा. त्यासाठी घरी प्रिंटर हवा.

स्टेशनजवळच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, चेक प्रिंटर असा वेगळा काही नसतो. गूगल पे करा." त्याचं म्हणणं अर्धंच बरोबर होतं. वेगळा प्रिंटर लागत नाही, पण कुठलाही चालतो असंही नाही. आणि पाच दुकानं फिरले, प्रत्येकाने मला मिनिटाला किती पानं निघतात तेच सांगितलं. मला मिनिटाला एक चेक पुरे. मला दोनच गोष्टी हव्या होत्या: एवढासा कागद वाकडा न होता आत जाऊन बाहेर यावा, आणि छापलेलं कुणाला पुसता येऊ नये.

आधी कागदाचं. आपला सीटीएस-२०१० नमुन्याचा चेक २०२ मिलिमीटर लांब आणि ९२ मिलिमीटर रुंद. ए-फोर कागदाची रुंदी २१० मिलिमीटर. त्यामुळे कुणालाही वाटतं की चेक आपण लिहितो तसाच आडवा प्रिंटरमध्ये घालावा, छान बसतोय. बसतो खरा, आणि आत गेला की तिथेच बसतो. कारण प्रिंटरमधल्या एका रोलरने कागद सोडायच्या आत पुढच्याने तो पकडावा लागतो. बऱ्याच छोट्या लेसर प्रिंटरांच्या माहितीपुस्तिकेत सर्वांत लहान कागद ७६ बाय १२७ मिलिमीटर दिलेला असतो. यातला १२७ म्हणजे कागद ज्या दिशेने आत जातो त्या दिशेची लांबी. आडवा घातलेला चेक त्या दिशेने ९२ मिलिमीटरच भरतो. दोन रोलरांच्या मध्ये तो अधांतरी लटकतो.

म्हणून चेक उभा घालायचा, अरुंद बाजू पुढे करून. मग ९२ ही रुंदी ७६पेक्षा जास्त आणि २०२ ही लांबी १२७पेक्षा जास्त. मजकूर मात्र संगणकावर नव्वद अंशांत फिरवावा लागतो. एवढं साधं गणित एकाही दुकानदाराने सांगितलं नाही. ते मला पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर, भिंग लावून सापडलं. आणखी एक: चेकबुकातून फाडलेल्या लीफची डावी कड खरबरीत असते. ती मागे ठेवायची, उजवी गुळगुळीत कड पुढे घालायची.

आता शाई. आमच्या वेळचं माझं प्रेम म्हणजे डॉट मॅट्रिक्स. डिमांड ड्राफ्ट छापताना होणारा तो कर्रर्र आवाज अजून कानात आहे. त्याच्या चोवीस सुया रिबनवरून कागदावर आपटतात, शाई त्या खळग्यात बसते. कुणी रसायनाने शाई धुतली तरी खळगा राहतो. चेकसाठी याहून भक्कम छपाई नाही, हे माझं मत आजही कायम आहे. पण घरच्यासाठी ते धूड मोठं. पासबुक छापायचं यंत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण त्यात कागद सपाट जातो, कुठे वळतच नाही. किंमत विचारली आणि घरी आले.

मग राहिले इंकजेट आणि लेसर. शेजारच्यांकडे शाईच्या टाकीचा प्रिंटर आहे. त्यावर साध्या कागदावर माझं नाव छापलं आणि ओलं बोट फिरवलं. नावाची निळसर गढूळ नदी झाली. त्यात विरघळणारी डाय शाई होती. काही कंपन्या काळी शाई रंगद्रव्याची, म्हणजे पिगमेंटची देतात. ती वाळली की सहसा पाण्याला दाद देत नाही. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या, आणि तरी ओलं बोट फिरवून बघाच. चेकचा कागद स्वतः हुशार असतो. ब्लीच किंवा आम्ल लागलं की डाग दाखवतो, उजेडात धरला तर 'सीटीएस-इंडिया' हे जलचिन्ह दिसतं. पण नुसत्या पाण्याने उतरणारी शाई आपणच वापरली, तर त्या हुशारीचा उपयोग काय?

लेसरची पावडर म्हणजे मुळात प्लास्टिक. ती उष्णतेने वितळून कागदाला चिकटते. पाण्याने जात नाही, पण ती कागदाच्या आत मुरत नाही, वर बसते. हा तिचा दोष. घरी आणलेल्या लेसरवर छापलेल्या पहिल्या तुकड्यावर मी सेलोटेप दाबून ओढली, तर 'चारशे'तला अर्धा 'चा' टेपवर आला. घाम फुटला. साडेतेरा हजार घातले होते. मग मुलाने फोनवर सांगितलं, "आई, सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार 'जाड' कर." प्रिंटर त्यामुळे सावकाश चालतो आणि जास्त तापतो. पुन्हा टेप लावली, या वेळी अक्षर हललं नाही. मागचा दरवाजा उघडला की चेक वळसा न घेता सरळ बाहेर येतो, हेही तेव्हाच कळलं. सगळ्या प्रिंटरांना तो दरवाजा नसतो. घेताना विचारा.

मांडणीसाठी मी दोन रविवार घातले. एका लीफची झेरॉक्स काढली, कात्रीने बरोब्बर मापात कापली, पट्टीने प्रत्येक ओळीचं अंतर मोजलं. तारखेची आठ घरं सर्वांत छळणारी. प्रत्येक आकडा आपल्या घरात पडला पाहिजे. छापलेला कोरा तुकडा आणि खरा चेक एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरायचे, म्हणजे किती सरकलं ते दिसतं. नऊ तुकडे वाया गेले, दहावा जमला. चेक छापायची तयार सॉफ्टवेअर मिळतात, टॅलीतही सोय आहे. पण फुकटच्या वेबसाइटवर खातं, नाव, रक्कम भरून देणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. साधी एक्सेलची फाइल पुरते.

मजकूर मी मराठीत छापते. चेक मराठीत लिहिता येतो, बँकेने तो घेतला पाहिजे, हे अजून कितीतरी लोकांना ठाऊक नाही. रकमेच्या आकड्याआधी दोन फुल्या, नंतर '/-', आणि नावापुढे उरलेल्या जागेत ओळीच्या टोकापर्यंत रेघ. हाताने लिहिताना आपण अक्षर ऐसपैस काढून जागा भरतो, प्रिंटर मात्र नीटनेटकं नाव छापून पुढे भरपूर रान मोकळं सोडतो. तिथे कुणी काहीही लिहू शकतो. आणि अक्षरी रक्कम दोनदा वाचा: आकडा आणि अक्षर यांत फरक पडला तर १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १८प्रमाणे अक्षरी रक्कम धरतात. व्यवहारात मात्र बँक असा चेक बहुधा परतच करते.

तळाच्या पांढऱ्या पट्टीत काहीही छापायचं नाही. एक ठिपकासुद्धा नाही. त्या पट्टीशी माझं जुनं नातं आहे. तिथे चेकचा सहा आकडी क्रमांक असतो. त्यापुढे नऊ आकडी एमआयसीआर कोड, ज्यात पहिले तीन शहराचे (मुंबईला ४००, पुण्याला ४११, पिनकोडसारखेच), मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. हे आकडे लोहकण मिसळलेल्या शाईत असतात. १९८०च्या दशकात मुंबईत ही पद्धत आली तेव्हा आम्ही एन्कोडर मशीनवर बसून त्याच पट्टीत प्रत्येक चेकची रक्कम टंकायचो. मग यंत्र ती शाई चुंबकावर वाचून चेक बँकवार लावायचं. ज्याला वाचता आलं नाही तो रिजेक्ट, आणि रिजेक्ट म्हणजे शेवटची कल्याण लोकल. २०१३च्या एप्रिलमध्ये मुंबईत सीटीएस आलं आणि कागदाचे गठ्ठे फिरायचे थांबले, फिरू लागली ती प्रतिमा.

ही पट्टी कुणी घरी छापेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. २०२४ मध्ये न्यू जर्सीला मुलाकडे गेले होते. तिथल्या मराठी मंडळाचे खजिनदार गणपतीनंतरची बिलं चुकवत बसले होते: शाळेचा हॉल, जेवणवाला, तबलजी. प्रिंटरमधून पानं येत होती, एका पानावर तीन चेक. बँकेचं नाव, खात्याचा नंबर, तळाची पट्टी, सगळं तिथेच छापून येत होतं. मी बघतच राहिले. आमच्याकडे असं करताना कुणी सापडला असता तर पोलीस आले असते! ते हसले. अमेरिकेत हे कायदेशीर आहे. चेकचा कोरा कागद दुकानात मिळतो, खातेदार स्वतःचा चेक स्वतः छापू शकतो, जबाबदारी त्याची.

आणि गंमत म्हणजे त्यांची अडचण आपल्या बरोबर उलटी. कागद त्यांना छळत नाही, कारण तो पूर्ण पानाच्या मापाचा, घडीवर फाडायचा. कुठल्याही घरगुती प्रिंटरमध्ये जातो. त्यांना छळते ती शाई. तळाच्या पट्टीसाठी चुंबकीय टोनरची वेगळी कार्ट्रिज लागते, ती बहुतेक लेसर प्रिंटरचीच मिळते आणि ठरावीक मॉडेलांचीच. म्हणून तिथे माणूस आधी कार्ट्रिज शोधतो आणि मग तिच्यात बसेल असा प्रिंटर. त्या आकड्यांच्या वळणाला ई-१३बी म्हणतात. दहा अंक आणि चार खुणा, आपल्याकडेही तेच. २००४ मध्ये तिथे 'चेक २१' कायदा लागू झाला, प्रतिमेवरून छापलेल्या प्रतीला मूळ चेकइतकं कायदेशीर स्थान मिळालं आणि साध्या टोनरचे चेकही बऱ्याचदा खपून जाऊ लागले. तरी खजिनदार चुंबकीय कार्ट्रिजच घालतात. "काकू, परत आला की दंड मंडळाला बसतो," म्हणाले. खजिनदार डोंबिवलीचा असो की न्यू जर्सीचा, भीती एकच. ३० सप्टेंबर २०२५पासून तिथल्या केंद्र सरकारने आपले बहुतेक कागदी चेक बंद केले, पण मंडळाच्या तबलजीला तो चेकच हवा असतो.

सहीचं राहिलं. सही छापता येत नाही, छापूही नये. माझी सही आता जुन्या नमुन्याशी जुळेना, म्हणून दोन्ही खात्यांवर नवा नमुना देऊन आले, कंपासकट. काउंटरवरची मुलगी माझ्या हाताकडे बघून "सावकाश करा मॅडम" म्हणाली, बरं वाटलं. पुढे सहीही जमेना झाली तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. त्याला अजून वेळ आहे.

लिफ्टवाल्याचा नवा चेक छापून दिला. तो म्हणाला, "मॅडम, हा तर कंपनीचा वाटतो."

तुमच्यापैकी कुणाला असा प्रिंटर घ्यायचा असेल, तर दुकानात जाताना २०२ बाय ९२ मिलिमीटरचे चार-पाच कोरे तुकडे कापून न्या, बरोबर सेलोटेप आणि पाण्याची छोटी बाटली. पैसे काढायच्या आधी एक तुकडा उभा घालून छापून मागा. दुकानदार कुरकुर करेल. करू द्या.