डोंग्यावरचा दिवस, डोंग्यावरची रात्र

आज आपण डोंग्याबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, डोंगा आम्हाला काय नवा? आपला भंडारा जिल्हाच तलावांचा. कोहळी मंडळींनी बांधलेले मालगुजारी तलाव, मधून वाहणारी वैनगंगा, आणि पवनी तालुक्यात गोसे गावाजवळ बांधलेलं गोसीखुर्द धरण. धरणाचं पाणी मागे थेट भंडारा शहरापर्यंत पसरलं आहे. काठावरच्या ढिवर-केवटांच्या घरी डोंगा हा कर्ता माणूस. संध्याकाळी जाळं टाकायचं, पहाटे उचलायचं, मधली रात्र पाण्यावर नाहीतर काठावर पाल ठोकून काढायची. आणि ज्यांच्या घरी मासेमारी नाही, त्या बायाही रोवण्याला, कापणीला, नातलगांकडे डोंग्यानं जातातच. अंभोऱ्याला आता पूल झाला, पण प्रत्येक घाटावर पूल होणार नाही.

जानेवारी २०२४ मध्ये आपल्याच वैनगंगेवर, खाली गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात, गणपूर गावाजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायांचा डोंगा उलटला. त्यात बायांचे जीव गेले. महिना जानेवारीचा होता, पावसाळा नव्हता. म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करा. पाणी फक्त पुरातच घात करतं असं नाही. शांत पाण्यातही डोंगा उलटतो, आणि त्याची कारणं बहुतेक वेळा आपल्या हातातली असतात.

चढताना आणि उतरताना

डोंगा कशानं तरतो? त्याच्या पोटात जितकी हवा, तितका तो वर राहतो. माणसं वाढली की काठ पाण्याकडे उतरतो. काठ आणि पाणी यांच्यात एक वीतही अंतर उरलं नसेल, तर एक छोटी लाटसुद्धा आत येते. आत आलेलं पाणी एका बाजूला धावतं, वजन तिकडे जातं, आणि डोंगा कलंडतो. म्हणून सगळ्या बसल्यावर निघण्याआधी काठाकडे बघा. वीतभर अंतर नसेल तर दोघी उतरा आणि दुसऱ्या फेरीला या. मजुरीची वेळ टळते हे खरं. पण ही गोष्ट नावाड्यावर सोडू नका. तो फेऱ्या मोजतो, आपण जीव मोजायचे.

चढताना एकेकीनं चढावं, मधोमध पाय ठेवावा आणि तळाशी खाली बसावं. फळीवर उंच बसलं की वजन वर जातं आणि डोंगा डुलतो. टोपली, विळा, डबा मध्ये ठेवा. सगळ्यात जास्त धोका असतो तो किनारा जवळ आल्यावर. "आलं, आलं" म्हणत सगळ्या एकदम उठतात, एकाच बाजूला झुकतात, आणि गुडघाभर वाटणाऱ्या पाण्यात डोंगा उलटतो. तो टेकून थांबेपर्यंत कुणीही उठायचं नाही, हा नियम गटात ठरवून टाका.

अंगावर काय, सोबत काय

लाइफ जॅकेट असेल तर ते अंगावर घालायचं, बुडाखाली घेऊन बसायचं नाही. पट्टे आवळून बांधा. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. जॅकेट नसेल तर निदान पाच लिटरची रिकामी प्लास्टिकची कॅन, झाकण घट्ट लावून, दोरीनं हाताला अडकवून घ्या. पाण्यात आपल्या शरीराचं वजन फार कमी जाणवतं. छातीशी धरलेली पाच लिटरची बंद कॅन तोंड पाण्यावर ठेवायला मदत करते. ती जॅकेटची जागा घेऊ शकत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा फार बरी.

लुगडं किंवा साडी ओली झाली की पायाला गुंडाळते. म्हणून डोंग्यात बसण्याआधी साडी वर खोचा, पदर कमरेला बांधा. जमत असेल तर सलवार घाला. पदरानं लेकरू पोटाशी बांधू नका. डोंगा उलटला तर दोघंही सुटत नाहीत. लेकराला मांडीवर धरा, आणि जॅकेट एकच असेल तर ते लेकराला घाला.

आभाळ आणि वरचं पाणी

एप्रिल ते जूनमध्ये दुपारनंतर अचानक वादळी वारा सुटतो. अरुंद नदीत तो फारसा कळत नाही, पण धरणाच्या मोकळ्या पाण्यावर लाटा उठतात. म्हणून सकाळी जा आणि दुपारच्या आत परता. ढग गडगडला की पाण्यावर थांबू नका. मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो. काठावर या, पण एकट्या झाडाखाली उभं राहू नका. घरात कुणाकडे मोबाइल असेल तर त्यात 'दामिनी' हे ॲप टाकून घ्या. पुण्याच्या हवामान संस्थेनं ते बनवलं आहे आणि जवळपास वीज पडण्याची सूचना ते देतं.

आपल्याकडे पाऊस नसला तरी वैनगंगा फुगू शकते. ती मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते. तिथल्या संजय सरोवराचं पाणी सोडलं की ते आपल्याकडेच येतं. ऑगस्ट २०२० मध्ये असंच वरचं पाणी आलं आणि भंडारा शहरात, काठच्या गावांत घरं बुडाली. गोसीखुर्दला ३३ दरवाजे आहेत. ते उघडले की धरणाखालच्या पात्रात पाणी झपाट्यानं वाढतं. भोंगा वाजला, दवंडी झाली, ग्रामपंचायतीचा निरोप आला, तर जाळं राहिलं तरी चालेल, पण काठावर या. जाळं पुन्हा विणता येतं.

धरणाच्या पाण्याखाली जुनी गावं आहेत. भिंती आहेत, झाडांचे खुंट आहेत. पाणी उतरतं तेव्हा ते वर येतात, पण थोड्या पाण्याखाली दिसत नाहीत. ज्याला ती गावं माहीत होती, अशा जुन्या माणसाला विचारून वाट ठरवा.

रात्र पाण्यावर काढायची असेल तर

जगात कितीतरी माणसं कायम नावेवर राहतात. काश्मीरमध्ये दल सरोवरावर घरांसारख्या नावा आहेत. इंग्लंडच्या कालव्यांवर जेमतेम सात फूट रुंदीच्या नावांमध्ये संसार चालतात. त्यांच्याकडून शिकण्यासारखी एक गोष्ट म्हणजे विस्तवाची काळजी.

नावेचं पोट हे खोलगट भांडं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर तो दाराच्या फटीतून थोडाफार निघून जातो. नावेत गळला तर तळाशी साचून बसतो आणि एका ठिणगीनं पेटतो. म्हणून सिलिंडर किंवा छोटी गॅसची शेगडी डोंग्याच्या पोटात ठेवू नका. स्वयंपाक काठावरच करा. दुसरं, थंडीत ताडपत्री चारी बाजूंनी ओढून आत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. कोळशातून जो विषारी वायू निघतो त्याला वास नसतो, रंग नसतो. डोकं जड होतं, झोप लागते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. ऊब हवी असेल तर घोंगडी जास्त घ्या आणि ताडपत्रीला एक बाजू उघडी ठेवा.

रात्री डोंग्यावर कंदील किंवा बॅटरी लावलेली असू द्या, म्हणजे दुसरी नाव येऊन धडकणार नाही. डोंगा मोकळा सोडून झोपू नका. दोन ठिकाणी बांधा, आणि पाणी चढलं-उतरलं तर ताण येऊ नये म्हणून दोरी थोडी सैल ठेवा.

पिण्याचं पाणी आणि बाईची अडचण

चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला नाही, अशी गत होऊ देऊ नका. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून गोसीखुर्दच्या जलाशयात येतं. ते उकळलं तर जंतू मरतात, पण त्यातली रसायनं जात नाहीत. म्हणून प्यायचं पाणी घरूनच कॅनमध्ये न्या. ते जलाशयातून भरू नका, आणि त्या पाण्यात लेकरांची तोंडं धुवू नका.

आणि जी गोष्ट बाया बोलत नाहीत तीही बोलू. दिवसभर डोंग्यावर असलं की बाई पाणी कमी पिते आणि लघवी दाबून ठेवते. त्यानं लघवीला जळजळ होते, ताप येतो, वारंवार झालं तर मूत्रपिंडाला त्रास होतो. पाणी पीत राहा, आणि दर दोन-तीन तासांनी काठाला लागून आडोशाला जाण्याची वेळ गटानं ठरवून घ्या. पाळीचं कापड किंवा पॅड वेगळ्या पिशवीत भरून घरी आणा. पाण्यात टाकू नका. तेच पाणी खालच्या गावाच्या बायांना लागतं.

डोंगा उलटलाच तर

डोंगा सोडू नका. लाकडी डोंगा उलटा झाला तरी बहुधा तरंगतो. त्याला धरून राहा आणि ओरडा. किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत निघालेली माणसं मध्येच थकतात. काठावरच्यांनी बुडणाऱ्याकडे उडी मारू नये. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच मिठी मारून खाली ओढतो. वल्हं पुढे करा, बांबू द्या, दोन साड्यांना गाठ मारून फेका, रिकामी कॅन फेका.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. त्यात वेळ जातो आणि ओकारी श्वासनळीत जाते. श्वास नसेल तर पाठीवर झोपवा, डोकं मागे करा, नाक दाबून तोंडानं दोन श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी ३० वेळा जोरात आणि भराभर दाबा, पुन्हा दोन श्वास. मदत येईपर्यंत हे चालू ठेवा. एकीनं हे करत असताना दुसरीनं १०८ किंवा ११२ लावावा. आपल्या उपकेंद्राच्या नर्सबाईंना किंवा आशाताईंना सांगून गटात हे एकदा शिकून घ्या.

गटानं मागायच्या गोष्टी

नंदुरबारच्या चिमलखेडीची अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० च्या टाळेबंदीत नर्मदेतून १८ किलोमीटर नाव वल्हवत पाड्यांपर्यंत पोषण आहार पोचवत होती. आपण तिचं कौतुक केलं, आणि ते योग्यच होतं. पण बाईनं हिंमत दाखवली म्हणून व्यवस्थेचं काम संपत नाही. येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी मांडा. घाटावरच्या प्रत्येक डोंग्याची नोंद घ्या आणि त्यावर किती माणसं बसतील तो आकडा रंगवा. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्र नसलेल्या नावांचीही स्थानिक पातळीवर नोंद घेण्याची सोय आहे. दुसरं, घाटावर लाइफ जॅकेट ठेवा. तिसरं, मच्छीमार सहकारी संस्थेत बायांचीही नावं आहेत का ते तपासा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखालच्या अपघात विम्यात मृत्यू झाल्यास ५ लाख रुपये मिळतात, आणि हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नाही. पण नोंद असेल तरच. जाळं आवरणाऱ्या आणि मासळी विकणाऱ्या बाईचं नाव त्या यादीत नसेल, तर ते घालून घ्या.

रोवण्याचे दिवस जवळ आले आहेत. पहिल्या डोंग्यात बसण्याआधी काठ आणि पाणी यांतलं ते वीतभर अंतर बघा, आणि शेजारणीलाही बघायला सांगा. आज इतकंच. नमस्कार.