आरसा हवा की नको?

जुना एन्ट्री लेव्हल डीएसएलआर की नवा मिररलेस? घरी पैशांचा विषय काढण्याआधी हे एकदा वाचून घ्या!

फेस्टचा आठवडा सुरू झाला की कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, ‘कोणाकडे डीएसएलआर आहे का रे?’ विचारणाऱ्याला खरं तर फक्त ‘मोठा कॅमेरा’ हवा असतो. गळ्यात पट्टा, पुढे लेन्स, की झाला डीएसएलआर! गंमत म्हणजे ज्या कॅमेऱ्याचं नाव आपण इतकं सर्रास घेतो, त्याची नवी मॉडेल्स येणं आता जवळपास बंद झालंय. कॅननने २०२०मध्ये आणलेल्या ८५०डीनंतर एकही नवा डीएसएलआर काढलेला नाही. सगळा जोर मिररलेसवर आहे.

त्यामुळे पहिला कॅमेरा घेणाऱ्यांची पंचाईत होते. दुकानात गेलात तर सेल्समन मिररलेस पुढे करतो आणि सोबत ईएमआयचं गणितही मांडून दाखवतो. इकडे एखादा सीनियर पास आउट होताना त्याचा जुना डीएसएलआर बॅगेसकट विकायला काढतो. किमतीत मोठी तफावत. स्वस्तातला घेतला तर ‘आउटडेटेड’ म्हणून पस्तावू का? महागातला घेतला तर घरच्यांच्या डोक्यावर वर्षभराचे हप्ते बसतील, त्याचं काय?

हवेत गप्पा नकोत, म्हणून दोन मॉडेल्स समोर ठेवू. एक कॅनन १५००डी, २०१८ सालचा. कॉलेजमध्ये ज्याच्याकडे डीएसएलआर आहे त्याच्याकडे बरेचदा हा किंवा याचाच भाऊ १३००डी असतो. दुसरा कॅनन आर५०, २०२३ साली आलेला मिररलेस. कंपनी एकच आणि दोन्ही नवशिक्यांसाठीच बनवलेले. मधे पाच वर्षं आणि एक आरसा.

हा आरसा करतो काय?

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आधी एका तिरक्या आरशावर पडतो आणि तिथून वर व्ह्यूफाइंडरमध्ये जातो. म्हणजे डोळा लावल्यावर तुम्हाला समोरचं दृश्य थेट दिसतं, मधे स्क्रीन नाही. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. तो ओळखीचा ‘खटॅक’ आवाज यातूनच येतो.

मिररलेसमध्ये आरसाच नाही. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जे दिसतं तेच तुम्हाला छोट्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये किंवा मागच्या स्क्रीनवर दिसतं. आरसा गेल्याने जागा वाचते. बॅटरी आणि कार्डासकट १५००डीचं वजन सुमारे ४७५ ग्रॅम, तर आर५०चं सुमारे ३७५ ग्रॅम. दिवसभर गळ्यात अडकवून फिरा, मग या शंभर ग्रॅमची किंमत कळते.

शिकणाऱ्यासाठी एक मोठा फरक इथेच आहे. मिररलेसमध्ये एक्स्पोजर बदललं की फोटो उजळ येणार की काळा, हे क्लिक करण्याआधीच दिसतं. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये ते दिसत नाही. तिथे मीटरचा काटा वाचायचा, अंदाज बांधायचा, क्लिक करायचं, स्क्रीनवर बघायचं आणि पुन्हा करायचं. काहींना यातूनच शटर स्पीड, अॅपर्चर, आयएसओ ही त्रिकुटं डोक्यात पक्की बसतात, तर काहींचा हातातला क्षण तेवढ्यात निघून जातो.

फोटोच्या क्वालिटीत किती फरक?

आता धक्का बसेल. दोन्ही कॅमेऱ्यांचे सेन्सर एपीएस-सी आकाराचे आहेत, म्हणजे साधारण २२ बाय १५ मिलिमीटर. आणि दोन्ही २४ मेगापिक्सेलचे! नव्या कॅमेऱ्यात जास्त आयएसओवर दाणे थोडे कमी दिसतात, आयएसओची मर्यादाही वर गेलीय. १५००डी साधारणपणे ६४००पर्यंत जातो, तर आर५० ३२०००पर्यंत. पण सकाळच्या उन्हात, एकसारख्या लेन्सने, ससून डॉकवरच्या कोळणींचे किंवा तुळशीबागेतल्या गर्दीचे फोटो काढून इन्स्टावर टाका. कुठला कशावर काढलाय, हे तुमचे फॉलोअर्स सोडा, तुम्हालाही ओळखता येणार नाही.

म्हणजे ‘नवा घेतला की फोटो भारी येतील’ हे वाक्य अर्धंच खरं आहे.

फोकस आणि व्हिडिओ : इथे नवा पुढे

उरलेलं अर्धं सत्य फोकसमध्ये आहे. १५००डीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोकसचे फक्त नऊ पॉइंट्स आहेत, तेही फ्रेमच्या मधल्या भागात. त्यातला एकटा मधला पॉइंट उभ्या आणि आडव्या दोन्ही रेषा पकडतो, म्हणून मंद उजेडात त्याच्यावरच भरवसा ठेवावा लागतो. चेहरा कडेला हवा असेल तर मधल्या पॉइंटवर फोकस धरायचा, बटण अर्धवट दाबून ठेवायचं आणि मग फ्रेम सरकवायची. बसलेल्या माणसासाठी हे चालतं. नाचणाऱ्यासाठी नाही.

आर५०मध्ये फोकसचं काम सेन्सरच करतो, जवळपास अख्ख्या फ्रेमभर. माणूस, प्राणी, गाडी ओळखून तो मागे लागतो, डोळ्यावर फोकस धरतो. त्यात १५००डी सेकंदाला तीन फोटो काढतो आणि आर५० बारा, इलेक्ट्रॉनिक शटरवर पंधरासुद्धा. भिगवणला फ्लेमिंगोंचा थवा पाण्यावरून उठतो तेव्हा, किंवा कबड्डीच्या मॅचमध्ये रेडर लाइनकडे झेप घेतो तेव्हा, हा फरक थेट फोटोत दिसतो.

व्हिडिओत तर तुलनाच नको. १५००डी फुल एचडीवर थांबतो. शूटिंग सुरू असताना चालत्या माणसाच्या मागे आपोआप फोकस नेत राहणं त्याला जमत नाही, स्क्रीन वळत नाही, टच नाही आणि बाहेरचा माइक लावायला जॅकही नाही. आर५०मध्ये फोर-के आहे, स्लो मोशनसाठी फुल एचडीत सेकंदाला १२० फ्रेम्स आहेत, माइकचा जॅक आहे आणि स्क्रीन तुमच्याकडे वळते. शॉर्ट फिल्म, रील्स, मुलाखती, यूट्यूब यातलं काहीही तुमच्या डोक्यात असेल, तर जुन्या एन्ट्री लेव्हल डीएसएलआरच्या वाटेला जाऊ नका. फोकस चुकलेला व्हिडिओ एडिटिंगमध्ये दुरुस्त होत नाही.

आवाजाचंही तसंच. एकांकिकेच्या रंगीत तालमीला नायक शांतपणे स्वगत म्हणतोय आणि पहिल्या रांगेतून ‘खटॅक, खटॅक’! आर५०चं इलेक्ट्रॉनिक शटर पूर्ण मूक करता येतं. मात्र एक सांभाळा. एलईडी दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर फोटोवर काळे पट्टे उमटू शकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे शटर स्पीड १/५० किंवा १/१०० ठेवला की हा त्रास बहुतेक वेळा कमी होतो.

अंधारात पारडं फिरतं

आता खरी मेख. सेल्समन जी सांगत नाही ती.

आर५०सोबत मिळणारी किट लेन्स १८-४५ एमएमची आहे. पूर्ण झूम केल्यावर तिचं अॅपर्चर जास्तीत जास्त एफ ६.३पर्यंतच उघडतं. जुन्या १५००डीला मात्र तुम्ही ५० एमएम एफ १.८ ही कॅननची सगळ्यात लाडकी स्वस्त लेन्स लावलीत असं समजा. एफ १.८वर आत येणारा प्रकाश एफ ६.३च्या सुमारे बारा पट असतो. म्हणजे स्टेजच्या एकाच उजेडात, एकाच आयएसओवर, जुना कॅमेरा १/१२५ सेकंदात जो फोटो काढेल त्यासाठी नव्याला साधारण १/१० सेकंद लागेल. एवढ्या वेळात नटाने मान वळवली की चेहरा पुसट झालाच. नव्याचं आयएसओ वाढवून थोडं भरून काढता येईल, पण बारा पटींचं अंतर निव्वळ नव्या सेन्सरने भरून निघत नाही.

थोडक्यात, अंधाऱ्या हॉलमध्ये चांगल्या लेन्सचा जुना कॅमेरा किट लेन्सच्या नव्या कॅमेऱ्याला मागे टाकू शकतो. फोटो काढायला बॉडी लागतेच, पण उजेड आत आणते ती लेन्स. नव्या मिररलेस किटच्या पैशांत जुना १५००डी, ५० एमएम लेन्स आणि बरा ट्रायपॉड आरामात बसतो.

पुढे कधी मिररलेस घेतलात तरी ती लेन्स वाया जात नाही. डीएसएलआरच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्सेस एका अॅडॉप्टरने आर५०वर ऑटोफोकससकट चालतात. उलटं मात्र होत नाही. मिररलेसच्या आरएफ लेन्सेस डीएसएलआरवर बसत नाहीत.

बॅटरी, गुलाल आणि पाऊस

डीएसएलआरची बॅटरी चिवट. कंपन्यांच्या ठरलेल्या चाचणीनुसार १५००डी एका चार्जमध्ये सुमारे ५०० फोटो काढतो. मिररलेसमध्ये सेन्सर आणि स्क्रीन सतत चालू असतात, त्यामुळे व्ह्यूफाइंडरमधून बघत काढले तर आर५० तीनशेच्या आसपास थांबतो. दिवसभराचा इव्हेंट असेल तर जास्तीची बॅटरी हवीच. त्यातल्या त्यात सोय म्हणजे आर५० यूएसबी-सीवर चार्ज होतो, त्यामुळे योग्य पॉवर बँकही चालते.

विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाचे फोटो काढायचेत किंवा पावसात वारीत चालायचंय? दोन्ही कॅमेरे पाण्या-धुळीपासून बंदिस्त नाहीत, प्लास्टिकची पिशवी दोघांनाही लागणार. गुलालात लेन्स बदलायची वेळ आली तर डीएसएलआरमध्ये सेन्सरच्या पुढे निदान आरसा आणि शटर असतं. आर५०मध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडाच! तेव्हा मिरवणुकीत लेन्स बदलायचीच नाही, एक लावून निघायचं.

जुना घेताय? मग हे तपासा

सीनियरकडून घ्या किंवा मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारातून, डोळे झाकून घेऊ नका.

लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा प्रकाश आरपार पाडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे, सरळ नाही म्हणा. आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातही मुंबई-कोकणातल्या दमट हवेत, बॅगेत कोंडलेल्या लेन्सला हा रोग हमखास लागतो. घरी आणल्यावरही कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

अॅपर्चर एफ १६वर नेऊन कोऱ्या कागदाचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ करता येते, पण खर्च भावातून वजा करून घ्या.

शटर किती वेळा पडलंय, तो आकडा विचारा. निकॉनच्या फोटोंच्या माहितीत तो सापडतो, तर कॅननच्या अशा मॉडेल्ससाठी कॅमेरा केबलने जोडून सॉफ्टवेअर वापरावं लागतं. शेवटी मूळ बिल मागा, त्यावरचा सीरियल नंबर कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या नंबरशी जुळवून बघा. बिल नाही आणि विकणाऱ्याला घाई आहे? निघा तिथून.

मग घ्यायचा कोणता?

ट्रेकचे, मित्रांचे, उन्हातले फोटो आणि तेही स्टोरीपुरतेच काढायचे असतील, तर दोन्ही घेऊ नका. हातातला फोन पुरेसा आहे.

फोटोग्राफी शिकायची आहे, पोर्ट्रेट, स्ट्रीट, स्टेज यात रस आहे आणि बजेट तुटपुंजं आहे, तर चांगल्या अवस्थेतला जुना डीएसएलआर आणि ५० एमएम लेन्स घ्या. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. फक्त हे लक्षात असू द्या की ही वाट पुढे संपणारी आहे, त्यामुळे महागडा डीएसएलआर घेण्यात आता अर्थ नाही.

व्हिडिओ करायचाय, खेळ किंवा पक्षी टिपायचेत, किंवा इव्हेंटची कामं घेऊन पैसे कमवायचेत, तर मिररलेसच. पण ईएमआयवर सही करण्याआधी एक साधा हिशेब मांडा. महिन्याला हप्ता किती आणि कॅमेऱ्यातून खरोखर येणारं उत्पन्न किती? दुसऱ्या रकान्यात अजून काहीच लिहिता येत नसेल, तर आधी कॅमेरा भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत ओळखपत्र आणि डिपॉझिटवर दिवसाच्या भाड्याने कॅमेरे मिळतात. दोन-तीन कामं भाड्याच्या मिररलेसवर करून बघा. पैसे येऊ लागले की हप्त्याची भीती आपोआप कमी होते, आणि नाही आले तर घरच्यांचे पैसे वाचतात.

कॅमेरा कुठलाही असो, पहिला महिनाभर डायलवरच्या हिरव्या ऑटो मोडला हात लावू नका. रोज एकच विषय, मॅन्युअल मोड आणि वीस फोटो. त्यातले अठरा फसतील, फसू द्या. उरलेल्या दोन फोटोंचं सेटिंग वहीत लिहून ठेवा. महिन्याच्या शेवटी ती वही वाचा, पुढची खरेदी कशाची करायची ते तीच सांगेल.