गाळणी का तुंबली? घरच्या बिअरची अवजारे आणि करून येणारे ज्ञान

ज्ञान म्हणजे काय, यावर आपण आधी बरेच अमूर्त बोललो. आज एका प्लास्टिकच्या डब्याविषयी बोलू. सहलीला थंड पेये नेतात तो, जाड भिंतींचा. अमेरिकेत घरी बिअर करणारे लोक त्यातच बिअरची पहिली पायरी पार पाडतात. मुलाकडे गेलो होतो तेव्हा शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये आम्ही हे पाहिले.

आधी कायद्याचे सांगतो, कारण प्रश्न येणारच. अमेरिकेत घरगुती वाइनला मुभा होती, बिअरला नव्हती. जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली आणि १९७९ पासून केंद्रीय कायद्याने परवानगी मिळाली: एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि तीही विकायची नाही. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय हे करता येत नाही. तेव्हा इथून उठून कोणी डबा आणायला जाऊ नये. आपल्याला समजून घ्यायचे आहे, एवढेच.

तर, डबा का? मोड आणून वाळवलेले जव भरडून गरम पाण्यात तासभर ठेवायचे असतात. तापमान साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस हवे. त्या उष्णतेत धान्यातली विकरे पिठूळ भागाची साखर करतात. पाणी फार तापले तर विकरेच निकामी होतात. म्हणजे गरज आहे ती उष्णता धरून ठेवण्याची. जी भिंत थंडावा बाहेर जाऊ देत नाही, तीच उष्णताही जाऊ देत नाही. डबा विकणाऱ्याने हा उपयोग सांगितलेला नसतो, तो करणाऱ्याने ओळखलेला असतो.

पुढे ते गोड पाणी गाळायचे. बेसिनखाली नळाला जोडतात ती स्टीलची जाळीदार नळी घ्यायची, आतली रबरी नळी ओढून काढायची, जाळीचे एक टोक दुमडून बंद करायचे आणि दुसरे डब्याच्या तोटीला आतून जोडायचे. झाली गाळणी.

शेजाऱ्यांनी आम्हाला तोटी उघडायला दिली. आम्ही ती उत्साहाने पूर्ण उघडली. धार आली, बारीक झाली, थांबली. आम्हाला वाटले, जाळीत कचरा अडकला. ते हसले आणि म्हणाले, "जाळी गाळत नाही, धान्य गाळते." भरडलेल्या जवाची टरफले तळाशी बसतात आणि त्यांचाच थर गाळणीचे काम करतो. जाळी फक्त तो थर अडवून धरते. एकदम ओढ बसली की थर दाबला जातो आणि वाट बंद होते. धान्य फार बारीक दळले तरी तेच. मग तोटी बंद करायची, ढवळायचे, पुन्हा बसू द्यायचे, आणि या वेळी तोटी जराशीच उघडायची. काही जण त्यात भाताचा तूस मिसळतात. आपल्या गिरणीत ज्याला कोणी विचारत नाही, तोच तूस!

गिल्बर्ट राइल यांनी 'अमुक आहे हे माहीत असणे' आणि 'कसे करायचे हे माहीत असणे' असा भेद केला होता. तो आम्ही वर्गात तीस वर्षे शिकवला. खरे सांगायचे तर त्या तोटीपाशी तो आम्हाला कळला. तयार यंत्र घेतले असते तर ते बिघडल्यावर आम्ही दुकानात फोन केला असता. शेजाऱ्यांनी अवजार स्वतः जोडले होते, म्हणून कुठला भाग काय करतो हे त्यांच्या हातांना ठाऊक होते.

पण 'स्वतः केले' या शब्दांना एक दुसरी बाजू आहे. उकळायला मोठे भांडे हवे, म्हणून पुष्कळ लोक बिअरचे स्टीलचे पिंप वरून कापतात. ते साधारण ५९ लिटरांचे असते. यात दोन गोष्टी आहेत. पिंपात दाब शिल्लक असेल तर कापताना जीव धोक्यात येतो. दुसरी गोष्ट, दुकानात अनामत भरली म्हणून पिंप आपले होत नाही, ते मद्यकंपनीचेच राहते. अनामत सोडून दिली म्हणजे विकत घेतले, असे नव्हे. शेजाऱ्यांनी मोडीत काढलेले पिंप रीतसर विकत घेतले होते आणि पावती जपून ठेवली होती.

आम्हाला ती पावती त्या गाळणीइतकीच महत्त्वाची वाटते. स्वतः करणाऱ्याला दोष द्यायला कंपनी नसते. वस्तू कुठून आली आणि फसली तर कोणाला लागेल, हे दोन्ही त्यालाच पाहावे लागते. करून येणारे ज्ञान ही जबाबदारी सोबत घेऊनच येते.

आज इथे थांबू. तुमच्या घरातले एखादे जुळवलेले अवजार आठवून पाहा, मग ते ताकाची रवी दुरुस्त केलेली का असेना. पुढच्या वेळी तिथून सुरुवात करू.