सूर सापडला, मात्रा चुकली

गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत वाजणारा बँजो आपण कित्येक वर्षे ऐकला असेल. टंकयंत्रासारखी बटणे असलेले हे वाद्य म्हणजेच बुलबुल तरंग. जपानमध्ये १९१२ साली घडलेल्या तैशोगोतो या वाद्याशी त्याचे नाते आहे. निवृत्तीनंतर हौसेने ते घरी आणणाऱ्यांना बटणे लवकर सापडतात. अडचण निराळीच असते. सूर बरोबर लागतात, तरीही ऐकणाऱ्याला गाणे ओळखू येत नाही. कारण प्रत्येक सुराचा मुक्काम चुकलेला असतो.

छेडलेल्या तारेचा नाद लगेच विरू लागतो. पेटीप्रमाणे तो भात्यावर धरता येत नाही. ती शांतता नवख्याला सोसवत नाही आणि त्याचे बोट पुढच्या बटणाकडे धावते. अनुभवी वादक तार भराभर छेडून सूर लांबवतात, पण ते पुढचे कौशल्य.

म्हणून आरंभीचे काही दिवस वाद्य बाजूलाच असू द्यावे. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पुरेसा आहे. एका सेकंदाची एक मात्रा धरून दादरा म्हणावा : धा धी ना, धा ती ना. पहिल्या मात्रेवर टाळी, चौथीवर हात मोकळा. सहा सेकंदांत एक आवर्तन होते. हे सहज जमू लागले की पहिल्या मात्रेला सा छेडावा, बटण न सोडता दोन, तीन मनात मोजावे आणि चौथीला रे घ्यावा. सूर चुकला तर मागे फिरू नये. मोजणी चालू ठेवून पुढची सम गाठावी. (हा नियम मला अजूनही नेहमी पाळता येत नाही.)

जमिनीवर वाकून बसण्यापेक्षा वाद्य टेबलावर ठेवून खुर्चीत बसावे. एका वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरेत. बोटे दुखू लागली किंवा बधिर झाली तर थांबावे. त्रास टिकला तर डॉक्टरांना दाखवावे. कंपवाताच्या काही रुग्णांकडून ठोक्यांच्या लयीवर चालण्याचा सराव करून घेतला जातो, हे खरे; मात्र बँजो त्या उपचारांची जागा घेऊ शकत नाही.

घरात वडीलधारे शिकत असतील, तर प्रत्येक चुकीला त्यांना थांबवू नका. आयुष्यभर इतरांना शिकवलेल्या माणसाला ते फार लागते, आणि वाद्य मुकाट्याने कपाटात जाते. त्याऐवजी शेजारी बसून केवळ समेवर टाळी द्या. त्यांचा हात मागे पडत असेल, तर आवर्तन पूर्ण होऊ द्या आणि पुढच्या समेपासून टाळी थोडी संथ करा.