सहामाही सहीचे मोल

२९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत कमला मिलच्या आवारातील आगीने १४ बळी घेतले. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात अर्भके दगावली. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक अधिनियम इमारतीच्या मालकावर अथवा भोगवटादारावर एक साधे कर्तव्य सोपवितो: दर जानेवारीत व जुलैत परवानाधारक संस्थेकडून अग्निशमन यंत्रणा तपासून घ्यावी व ती सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र अग्निशमन दलास सादर करावे. मात्र शुल्क भरून सही मिळविली की कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या गृहसंस्था थोड्या नाहीत. पंप नादुरुस्त, टाकी कोरडी आणि जिन्यात अडगळ असेल, तर तो कागद कोणाचे रक्षण करणार? सभासदांनी तपासणीच्या वेळी जातीने हजर राहावे आणि नळास पाणी आल्याचे पाहूनच प्रमाणपत्र स्वीकारावे.