किनाऱ्यानं जाताना : गाडी, समुद्र आणि दोन मोठी होणारी मुलं

आजचा विषय जरा घरगुती आहे. घरात तेरा-सोळा वर्षांची मुलं असतील आणि त्यांना घेऊन समुद्रकाठानं गाडीनं आठवडाभर फिरायचं असेल, तर आखणी कशी करायची. मी आयुष्यभर फौजेत आखण्याच केल्या, तेव्हा हे काम मला डाव्या हाताचं वाटायचं. तसं ते नाही. कसं नाही, ते सांगतो.

माझी मुलगी पंधरा वर्षांची असताना मी सुट्टीवर आलो आणि सगळ्यांना गाडीत घालून सहलीला नेलं. पहाटे पाचला निघायचं, दर दोन तासांनी वीस मिनिटांचा हॉल्ट, संध्याकाळी सहाच्या आत मुक्काम. कागदावर सगळं चोख होतं. तिसऱ्या दिवशी मुलीनं माझ्याशी बोलणं बंद केलं आणि घरी पोचेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं, वय आहे, होईल ठीक. गेल्या वर्षी चेन्नईहून तिचा फोन आला. ती, जावई आणि दोन्ही मुलं पूर्व किनाऱ्यानं धनुष्कोडीपर्यंत जाणार होती आणि आम्हा दोघांनाही बोलावत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, या वेळी मूव्ह ऑर्डर काढायची नाही." पंचवीस-सव्वीस वर्षं तिनं ते मनात ठेवलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

असो. आता कामाचं.

पहिली गोष्ट हंगाम. आपल्या मराठी घरांत सहल म्हटलं की दिवाळीची सुट्टी डोळ्यांपुढे येते. कोकणात तेव्हा पाऊस सरलेला असतो, आकाश स्वच्छ असतं. तोच हिशेब तामिळनाडूच्या किनाऱ्याला लावला तर पंचाईत होते. तिथला मोठा पाऊस परतीच्या मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. बंगालच्या उपसागरातली वादळंही याच दिवसांतली. २०१८ साली 'गज' वादळ वेदारण्यमजवळ आलं ते १६ नोव्हेंबरला. 'थाने' वादळ कडलूर-पुदुच्चेरीच्या पट्ट्यावर धडकलं ते ३० डिसेंबर २०११ रोजी, म्हणजे नाताळची सुट्टीही पूर्ण निर्धास्त नाही. आम्ही पोंगल उलटल्यावर, प्रजासत्ताक दिनाला जोडून सात दिवस काढले. मुलांची तीन दिवस शाळा बुडली. मुलगी शाळेत जाऊन रीतसर सांगून आली, खोटा ताप कळवला नाही. मुलांना हे दिसतं हो.

दुसरी गोष्ट अंतर. चेन्नई ते पुदुच्चेरी साधारण दीडशे किलोमीटर. फोनमधला नकाशा तीन तास सांगतो. पण वाटेत महाबलीपुरम आहे, चहा आहे, कुणाला तरी लघवीला जायचं आहे. मी जुना नियम सांगतो : नकाशा सांगेल त्याच्या दीडपट वेळ धरा आणि दिवसाला दोनशे किलोमीटरच्या पुढे जाऊ नका. पुदुच्चेरीच्या दक्षिणेला आम्हाला जागोजाग रस्तारुंदीची कामं लागली. कावेरीच्या खोऱ्यात शिरलं की जानेवारीत भाताची कापणी सुरू असते आणि शेतकरी अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घालतात. हॉर्न वाजवून उपयोग नाही, तो त्यांचा वर्षाचा घास आहे. अंधार पडल्यावर या रस्त्यावर गाडी चालवायचीच नाही. दिवे नसलेल्या मोपेड, गुरं, पायी चाललेली माणसं, काहीही समोर येतं. हा एक नियम मी हट्टानं पाळायला लावला आणि मुलीनंही तो मान्य केला.

तिसरी गोष्ट मुलं, आणि माझी चूक इथेच झाली होती. पंधरा-सोळाच्या पोराला सामानासारखं गाडीत ठेवलं की ते सामानासारखंच वागतं. पण "कुठे जायचं?" असं मोघम विचारलं, तर "कुठेही" हे उत्तर मिळतं. त्यांना ठरलेलं काम आणि त्या कामातला खरा अधिकार द्यावा लागतो. आमच्या मुलीनं असं केलं : मुक्कामाची गावं मोठ्यांनी ठरवायची, दोन मुक्कामांमधला दिवस मुलांचा. एक दिवस नातीचा, एक नातवाचा. त्या दिवशी कुठे थांबायचं, कुठे जेवायचं ते त्यांनी ठरवायचं आणि इतरांनी कुरकुर करायची नाही. अट एकच, उजेडात पोचायचं.

नातीच्या दिवशी आम्ही सकाळी दहापर्यंत पुदुच्चेरीतून हललोच नाही. मी बूट घालून आठपासून तयार बसलो होतो. बायको म्हणाली, "बूट काढा, म्हणजे बरं वाटेल." काढले, खरंच बरं वाटलं. नात आदल्या संध्याकाळी समुद्रालगतच्या रस्त्यावर दोन तास नुसती चालली होती, संध्याकाळी तो वाहनांना बंद असतो. तिला तो सकाळी पुन्हा बघायचा होता. मग पिचावरमला होडीतून खारफुटीच्या बोळकांड्यांतून फिरलो. तिथून तरंगमबाडी. इथे डेन्मार्कच्या लोकांनी १६२० साली किल्ला बांधला आणि १८४५ साली सगळं ठाणं इंग्रजांना विकून ते निघून गेले. हे मला ठाऊक नव्हतं, नातीनं वाचून ठेवलं होतं. चेन्नईत वाढल्यामुळे ती तमिळ सफाईनं बोलते. रस्ता विचारणं, खोलीचं भाडं ठरवणं, धाकट्यासाठी 'तिखट कमी' सांगणं, सगळं तिच्याकडे गेलं. काच खाली करून ती "अण्णा" अशी हाक मारायची आणि पुढचा माणूस हसून हातातलं काम ठेवायचा. मी तिथे नोकरीत असताना दुभाष्या लागायचा.

आता समुद्र. इथे जरा थांबणार आहे, कारण आमचा घोटाळा इथे झाला.

कोकणात ज्यानं पोहणं शिकलं त्याला भरती-ओहोटीचं भान असतं. पाणी कितीतरी मागे जातं, किनारा पसरट असतो. कोरोमंडल किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक मीटरभराच्या आतच, त्यामुळे ते भान इथे कामाला येत नाही. इथे बऱ्याच ठिकाणी वाळूचा उतार तीव्र असतो. चार पावलांत गुडघाभर पाण्याचं छातीभर होतं आणि लाट काठाशीच येऊन आदळते. शिवाय परतीचा ओढा असतो. लाटांनी किनाऱ्यावर ढकललेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. वाळूच्या बांधात जिथे खिंडार असेल तिथून ते अरुंद पट्ट्यानं जोरात आत ओढलं जातं. गंमत अशी, की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून लांबून तीच जागा शांत दिसते आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. त्यात सापडल्यावर किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारले तर चांगला पोहणाराही दमून बुडतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं आणि मग लाटांबरोबर काठाला यायचं. ते जमत नसेल तर तरंगत राहायचं आणि हात वर करायचा. काठावरच्यानं धावत पाण्यात उडी घ्यायची नाही. तरंगणारं काहीतरी फेकायचं, रिकामा बंद कॅनसुद्धा चालतो, आणि कोळी किंवा जीवरक्षक यांना हाक मारायची.

हे सगळं मला पाठ होतं. तरी दुसऱ्या दिवशी एका किनाऱ्यावर मी वाळूत चहा पीत बसलो होतो. जावई फोटो काढत होता, मुलगी चपला शोधत होती आणि धाकटा गुडघाभर पाण्यात होता. एक लाट आली, पायाखालची वाळू सरकली आणि तो आडवा झाला. दुसऱ्या लाटेनं त्याला आत घेतलं. जावयानं फोन टाकून चार ढांगांत त्याचा दंड पकडला. सगळं मिळून दहा सेकंदं. पोराच्या नाकातोंडात पाणी गेलं, बाकी काही नाही. माझ्या हातातला कप तसाच होता. मी वेळ आखली होती, रस्ता आखला होता, पेट्रोल आखलं होतं. पाण्याकडे बघायचं कुणी, ते ठरवलं नव्हतं. चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. पलटणीत अशा चुकीबद्दल मी शिपायाला उभा केला असता.

त्या संध्याकाळी मी मुलीला म्हणालो, "एवढी एकच ऑर्डर काढू का?" तिनं मान हलवली. ऑर्डर अशी : कुणीही पाण्यात असेल तर एक मोठा माणूस काठावर उभा. बसायचं नाही, फोन खिशात, चहा नाही. वीस मिनिटांनी पाळी बदलायची आणि बदलताना तोंडानं म्हणायचं, "आता मी." पाणी कमरेच्या वर नाही. स्थानिक कोळ्याला विचारल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. मुलांना हे जाचक वाटेल असं मला वाटलं होतं. धाकटा निमूट "बरं" म्हणाला.

ज्यांच्या मुलांना लाटांशी खेळायचंच आहे, त्यांनी चेन्नईजवळच्या कोवळमला सर्फिंग शिकवतात तिथे शिकवणाऱ्याच्या हाताखाली दोन तास घालवावेत. आम्ही हे परतताना केलं, पहिल्या दिवशी करायला हवं होतं. पाण्याचा ओढा कुठे आहे, हे ती माणसं मुलांना बोट दाखवून समजावतात. आजोबाच्या भाषणापेक्षा ते बरं.

नातवाच्या दिवशी आम्ही कोडिक्करैला गेलो. तिथल्या अभयारण्यात काळवीट आहेत आणि हिवाळ्यात उथळ पाण्यात रोहित येतात. त्याला रोहित दुर्बिणीतून दिसले, माझ्या जुन्या दुर्बिणीतून. ती अजून त्याच्याचकडे आहे.

तिथून किनारा सोडून तंजावरला वळलो. मराठी माणसानं या वाटेवर हे करावंच. १८०३ साली दुसऱ्या सरफोजी राजांनी बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत, देवनागरीत कोरून घेतला. त्या भिंतीपुढे नात बोट न लावता एकेक ओळ जुळवत उभी राहिली आणि 'भोसले' शब्द सापडल्यावर एवढ्या जोरानं ओरडली की चार लोक वळून बघू लागले. मग पुन्हा समुद्राकडे, पट्टुकोट्टैजवळच्या मनोऱ्याला. तोही सरफोजींचाच, नेपोलियनवरच्या इंग्रजांच्या विजयाची खूण म्हणून १८१४-१५च्या सुमाराला बांधलेला. गावकरी त्याला 'मनोरा'च म्हणतात. धाकट्यानं विचारलं, "आपल्या राजानं इंग्रजांच्या विजयाचा मनोरा का बांधला?" पुढचे साठ किलोमीटर आम्ही तेच बोलत होतो. तैनाती फौज, खालसा झालेलं राज्य, पदरी उरलेलं नाव. कुणाचाही फोन बाहेर आला नाही.

रामेश्वरमकडे जाताना पांबनच्या पुलावर गाडी थांबवू नका. सगळे थांबतात आणि मागे रांग लागते. पूल ओलांडून गाडी नीट लावा आणि चालत या. आता शेजारी नवा रेल्वेपूल आहे, २०२५च्या एप्रिलमध्ये सुरू झालेला. जहाज जायचं असलं की त्याचा मधला भाग सरळ वर उचलला जातो. अग्नितीर्थाला पाणी शांत आणि उथळ असतं, पोरांना डुंबायचं तर तिथे. धनुष्कोडीच्या टोकाला मात्र पायाच्या वर पाणी लागू देऊ नका. दोन्हीकडचे प्रवाह तिथे एकमेकांना भिडतात.

धनुष्कोडीचा रस्ता सकाळी गाठा, संध्याकाळी तो बंद होतो. टाकी रामेश्वरमलाच भरा, पाणी बरोबर घ्या. दोन्हीकडे समुद्र आणि मधून सरळ पट्टी. १९६४च्या डिसेंबरात, २२च्या रात्री, वादळानं इथलं गाव नेलं, आणि आत येणारी प्रवासी रेल्वेगाडी प्रवाशांसकट नेली. पडक्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. मुलं तिथे आपणहून गप्प झाली.

तो रिकामा रस्ता बघून नातीनं वडिलांना विचारलंच, "पाचच मिनिटं चालवू?" तुमच्याही गाडीत हा प्रश्न येणार, उत्तर आधीच ठरवून ठेवा. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते. पण कायदा सांगून सोळा वर्षांची मुलगी हसली नसती. जावयानं गाडी बंद करून किल्ली काढली आणि तिला चालकाच्या जागी बसवलं. आरसे कसे लावायचे, क्लच कुठे, मागचा माणूस कुठल्या आरशात दिसतो आणि कुठल्यात नाही, हे सगळं बंद गाडीत अर्धा तास. मागच्या सीटवरही पट्टा लावणं सक्तीचं आहे हे तिनं तेवढ्यात आजीला सुनावलं आणि पुढचे तीन दिवस आजीचा पट्टा तपासला.

औषधांबद्दल दोन शब्द. गाडी लागणारं मूल असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास, निघाल्यावर नाही. ओआरएसची पाकिटं वरच्या कप्प्यात ठेवा, डिकीत नाही.

पुढच्या जानेवारीत पश्चिम किनारा आहे, मंगळुरू ते कन्याकुमारी. आखणी नात करते आहे. मला तिनं सामान आणि टायरमधली हवा एवढी दोन खाती दिली आहेत. निघायची वेळ साडेनऊ.