शिरस्त्राणाखालची पोकळी

पिंपळगाव रेणुकाईच्या (जि. जालना) परिसरात काळ्या पाषाणातून विहीर खोल न्यायची तर सुरुंग लावावे लागतात. सुरुंग उडाला की जमिनीच्या हादऱ्याबरोबर हवेतून दाबाची एक लाटही धावते. अशीच, पण कैक पटींनी तीव्र लाट जवळून सैनिकाच्या डोक्यावर आदळली तर काय होईल?

प्रश्न जुना आहे. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी तोफगोळ्यांच्या माऱ्यातून आलेल्या सैनिकांची हकिकत ‘लॅन्सेट’मध्ये दिली. डोक्याला जखम नाही, पण स्मृती आणि दृष्टी बिघडलेली! दुखापत मेंदूची की मनाची, हा वाद पुढे फार काळ चालला.

जिवंत माणसावर हा प्रयोग करता येत नाही. म्हणून संगणकात डोके ‘बांधतात’. चुंबकीय प्रतिमांवरून त्वचा, कवटी, द्रव आणि मेंदू यांचे लाखो बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला त्याचे गुणधर्म द्यायचे. मेंदूत ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. दीड मिलिमीटरचा तुकडा ओलांडायला त्याला सेकंदाचा दहा लाखावा भाग पुरतो. म्हणून गणितही तितक्याच छोट्या पावलांनी करावे लागते.

मेंदूचा एक गुण वर्गात दाखवता येईल. गाडग्यात लागलेले दही तळहाताने सगळीकडून सारखे दाबा, ते आकसत नाही. गाडगे झटक्याने फिरवा, लगेच मोडते. मेंदूही तसाच: दाबायला पाण्याइतका कठीण, पण थर एकमेकांवरून सरकवायला लाखो पट सोपा. धोका मुख्यतः या सरकण्यात असावा, असे मानतात.

अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात शैलेश गणपुले, नमस चंद्रा आणि सहकाऱ्यांनी तीन स्थिती तपासल्या: उघडे डोके, पोकळी ठेवून घातलेले शिरस्त्राण, आणि घट्ट बसणाऱ्या फोमच्या गाद्यांसह शिरस्त्राण. हे काम २०१२ साली प्रसिद्ध झाले. पोकळी असली की लाट कडेखालून आत शिरते, दोन्ही बाजूंनी वळसा घेते आणि स्फोटाच्या विरुद्ध बाजूला तिचे भाग एकमेकांना भिडतात. तिथे दाब उलट वाढतो! प्रयोगांशी हे ताडूनही पाहिले गेले. गाद्यांनी पोकळी भरली की लाटेची ही वाट बंद होते.

गोळीचे तुकडे अडवणारे शिरस्त्राण लाटही अडवीलच, हे आपण उगाच गृहीत धरतो. मात्र कोणता थर किती सरकला, एवढेच गणित सांगते. तेवढ्याने कोणती चेतापेशी निकामी होते, ते प्रयोगशाळेतच शोधावे लागते.